तात्यांचं गाऱ्हाणं

तात्या परबांना हळू बोलता यायचंच नाही. सारा जन्म गिरणीत, यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवण्यात गेलेला. "मीठ दी" म्हणाले तरी लालबागची आमची चाळ दचकायची. म्हणूनच गणपतीत गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. तात्या एकेकासाठी देवाकडे मागायचे आणि दर मागण्यावर आम्ही ओरडायचो, "व्हय म्हाराजा!"

तिसऱ्या माळ्याच्या नळाला पाणी, शिंदेकाकूंच्या मुलीला स्थळ, माझी बारावी, काही म्हणजे काही सुटत नसे. सुटायचा तो त्यांचाच मुलगा विलास. माझा जिवलग मित्र, परबांच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला. तो चिडवायचा, "तात्या, पेपर मला पण कठीणच असतात हां!"

"गाऱ्हाणा घालणाऱ्यान आपल्या घरासाठी मागूचा नसता," तात्या गरजायचे. "नायतर देवाक वाटात, ह्यो आपल्याच पोटासाठी उभो रवलो."

मग संप झाला. गिरण्यांचे भोंगे थांबले, शहरात लष्कर आलं. संपकऱ्यांच्या बाजूने विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि सैनिकांनी त्यावर गोळ्या झाडल्या. वह्या धरायच्या वयाची पोरं, हो! विलास रस्त्यातच गेला.

त्या वर्षी गणपतीत आम्ही मित्रांनी तात्यांना गाठलं. "यंदा तरी विलासचं नाव घ्या. आणि मारणाऱ्याचं वाटोळं मागा."

गाऱ्हाणं सुरू झालं. नळ, स्थळ, संपकऱ्यांच्या चुली, सगळं आलं. विलास नाही. मग तात्या आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले.

"जेनी गोळी झाडल्यान, तोय खंयच्या तरी गरिबाचोच झील असतलो. तेच्या आवशीक ह्यो दिस दाखव नको रे म्हाराजा."

ज्याने आमचा विलास मारला त्याच्या आईला असं पुत्रदुःख नको, याला 'व्हय' कोण म्हणणार? माझं तर रक्त उसळलं होतं. तेवढ्यात मागून काकी, विलासची आई, पदर तोंडाशी धरून म्हणाली, "व्हय म्हाराजा."

पुढे गिरणी उघडलीच नाही. तात्या नाक्यावर भाजी विकायचे, ओरडून. गाऱ्हाणं दरवर्षी घालत राहिले, पण मुलाचं नाव अखेरपर्यंत घेतलं नाही.

ते गेल्यावर मान माझ्याकडे आला. मी परबांच्या घरचा नव्हतो, मला कसली आडकाठी? पहिलंच मागणं मी घातलं, "आमच्या विलासाक इसरूक देव नको रे म्हाराजा!"

चाळ दणाणली. काकी मात्र गप्प होती. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं.

"परत घे रे नाव," ती म्हणाली. "तात्यासारख्या. मोठ्यान."