आवाज करणाऱ्या हार्ड डिस्क आणि आमचं काउंटर

नांदेडला कॉम्प्युटरच्या सर्व्हिस काउंटरवर बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, लोकच पिशवीत घालून आणून देतात. त्यातही "हार्ड डिस्क आवाज करून राहिली, वॉरंटीत हाय" म्हणणारा आला की मी आधी चहा सांगते. आमचे टेक्निशियन सय्यदभाई हातातलं काम बाजूला ठेवतात. ऐकायला!

•

हदगावचे एक काका एसटीनं डिस्क मांडीवर घेऊन आले. लावली, तर हूं नाही की चूं नाही! काका भडकले. "गावात रातभर खडखड करती, अन् इथं नव्या सुनेसारखी गप!"

तणतणत परत गेले. संध्याकाळी त्यांचा फोन, मागं जोरात खडखड. "ऐका आता! घरी आली न् लागली बोलायला!"

•

मग मी शहाणी झाले. लोकांना सांगायला लागले, आवाज रेकॉर्ड करून पाठवा, कंपनीला तोच लागतो. एका दुकानदारानं पाठवला. त्याच्या शेजारी पिठाची गिरणी! कंपनीचा माणूस त्याला फोनवर विचारतो, "सर, यातला डिस्कचा आवाज कोणता?"

यानं जाऊन गिरणीच बंद करायला लावली. दळणाला थांबलेल्या बायका डबे घेऊन थेट त्याच्या दुकानात घुसल्या. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये डिस्क ऐकूच येईना. एक मावशी मात्र स्वच्छ ऐकू येत होती, "आमच्या ज्वारीला हाय का वॉरंटी?"

•

लातूरचे एक आडत व्यापारी. दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतो ना, यांनी स्क्रू काढून आतली डिस्कच पाटावर मांडली. हळद, कुंकू, विभूतीचे तीन पट्टे, सगळं थेट स्टिकरवर. वॉरंटीसाठी सीरियल नंबर वाचता येईना!

म्हटलं, "शेठ, पुसा की जरा."

त्यांनी कानाला हात लावले. "वाहिलेलं कुंकू पुसत असतेत का बाई? कंपनीला सांगा, नंबर महादेवाला माहीत हाय!"

•

पण आप्पांची तऱ्हाच निराळी. आप्पा म्हणजे जळकोटचे लग्नाचे फोटोग्राफर. एका लग्नाचा अख्खा व्हिडिओ त्यांच्या डिस्कमध्ये, दुसरी कॉपी नाही, आणि डिस्क कट्-कट् करायला लागलेली. सोबत नवरीची आत्या, वॉकर धरून. आई गेल्यावर पोरीला हिनंच वाढवलं, आणि ऐन लग्नाच्या दिवशी ही पाय मोडून दवाखान्यात पडलेली.

मी नेहमीचं बोलले, "वॉरंटीत नवी डिस्क मिळेल. आतलं काही मिळणार नाही."

आत्या म्हणाली, "अन् लग्न? ते बी नवीन लावून देते का कंपनी?"

मी डिस्क उचलून सय्यदभाईंपुढं ठेवली.

सय्यदभाई तेव्हा एक नवा कॉम्प्युटर जुळवत होते, कव्हर बसवायचं बाकी होतं. त्यालाच त्यांनी डिस्क जोडली. कट्-कट्! आप्पांनी घाबरून ती दोन्ही हातांनी घट्ट धरली, तर चक्क गप्प झाली. कॉपी सुरू!

"आप्पा, हलू नका!"

हात जरा ढिला पडला की कट्-कट्. माशी नाकावर बसली, आप्पांनी सोसली. चहा मी पाजला. शिंक आली तेव्हा सय्यदभाईंनी त्यांचं नाक दाबलं! आत्या स्क्रीनसमोर उभीच. बस म्हटलं तरी बसेना.

"हो गया, खाला!" सय्यदभाई आत्याकडे बघून ओरडले.

आत्यानं पदराची गाठ सोडली. आत अक्षता! "माझ्या तेवढ्या राहिल्या होत्या गं," म्हणत, रडत-हसत, तिनं मूठभर अक्षता त्या उघड्या कॉम्प्युटरवरच टाकल्या.

फॅननं त्या तडतड उडवल्या. सय्यदभाईंच्या दाढीत, माझ्या चहात, आप्पांच्या डोक्यावर. आणि नवा कोरा कॉम्प्युटर खडखड खडखड करायला लागला!

आप्पा अजून डिस्क धरूनच होते. जागचे न हलता म्हणाले, "ताई, आता ह्याला बी धरू का?"