तांड्याला मिळालेली नऊची गाडी

“गाडी कशी भराची ते आमच्यावर सोडा जी साहेब,” असं म्हणून खुशाल नाईक खुर्चीतून उठलेसुद्धा. माझं सांगणं अजून अर्ध्यावरच होतं.

मी एस.टी.च्या एका डेपोत ट्रॅफिक इन्स्पेक्टर आहे. डेपो दिग्रस-दारव्ह्याच्या पट्ट्यातला आहे, यापेक्षा जास्त सांगत नाही. कोणती गाडी किती वाजता कुठे जाईल ते बसवणं हे माझं काम. लोकांना वाटतं, वेळापत्रक म्हणजे स्टँडच्या भिंतीवरचा बोर्ड. माझ्या लेखी ते रोजचं भांडण आहे.

नाईक म्हणजे बंजारा तांड्याचे प्रमुख. वय झालं असलं तरी तांड्यात त्यांचा शब्द खाली पडत नाही. ते आले होते निकिता राठोडसाठी. तिचे वडील प्रकाश सोबत होते, पण सगळं बोलणं नाईकांचंच.

आमच्या शहरात परीक्षा घेऊन आठवीला मुलं निवडणारी एक शाळा आहे. निकिता त्या परीक्षेत निवडली गेली. तांड्यातून तिथवर पोचलेली ती पहिलीच. या शाळेला अख्ख्या तालुक्यातलं कुठलंही मूल चालतं. फक्त शाळेचं फाटक सकाळी सातला बंद होतं, आणि तालुक्याच्या टोकाला राहणाऱ्याने त्याआधी कसं यायचं, ते शाळा सांगत नाही.

तांड्यापासून फाटा चार किलोमीटर, मधे जंगल. प्रकाश रोज पहाटे मुलीला मोटरसायकलवर फाट्यापर्यंत आणून सोडायचे, तिथून तिला शहराची गाडी मिळायची. पण दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला जाणार, घरी फक्त आजी. म्हणजे दिवाळीच्या आत तांड्यावरून सहाची गाडी सुरू झाली तर निकिताची शाळा, नाहीतर नाही. इतका साधा हिशेब होता.

मी प्रस्ताव वर पाठवला. डिव्हिजनने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या ऑफिसने, नेहमीसारखं अर्धंमुर्धं उत्तर दिलं. तांड्यासाठी एकच फेरी मिळेल. आधी पंधरा दिवस सहा आणि नऊ अशा दोन्ही वेळा चालवून बघा. जिचं भारमान चांगलं, ती ठेवा. भारमान म्हणजे गाडी किती भरली त्याचं माप. तिकिटाच्या मशीनमधून ते आकडे सरळ वर जातात. त्यात मला बोट घालता येत नाही.

हेच मी नाईकांना समजावत होतो. “नाईक, सहाची फेरी भरली पाहिजे. सहाची.”

“भरतेच जी. पुरा तांडा बसवतो,” ते म्हणाले आणि गेले.

नाईकांनी शब्द पाळला. तांड्यात बैठक घेऊन हुकूम सोडला की घरटी एकाने रोज गाडीत बसायचंच. पोट्टीच्या शाळेचा सवाल आहे, कोणी मागे राहायचं नाही. पहिल्या दिवशी सहाची गाडी हाऊसफुल्ल आली. ड्रायव्हरने मला फोन करून सांगितलं, “सर, टपावर बसायचेच बाकी राह्यले.” मला फार बरं वाटलं. आपल्या खात्यात अशी मजा क्वचित येते.

दुसऱ्या दिवसापासून सहाला चार-पाच माणसं आणि नऊला खच्चून गर्दी. चौथ्या दिवशी मी नाईकांना फोन लावला.

“नाईक, गाडी रिकामी येतेय.”

“काहून रिकामी? आताच तर उभ्यानं गेले लोक. मीच मोजले.”

“नऊला गेले. मला सहाला हवेत.”

“गाडी तेच हाये ना साहेब? डायवर तोच, नंबर तोच. सहाले बायायच्या भाकरी राह्यतात, ढोरं राह्यतात. म्हणून नऊले बसवून राह्यलो. गाडी भरल्याशी मतलब.”

त्यांच्या दृष्टीने गाडी एकच होती, आणि ती त्यांनी भरली होती. आमच्या कागदावर गाडी नसतेच, फेरी असते, आणि सहाची वेगळी, नऊची वेगळी. गावात उभं राहून बघितलं तर नाईकांचंच खरं वाटेल. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. या वेळी त्यांना ते समजलं.

उरलेल्या दिवसांत तांड्याने शर्थ केली. काहीही काम नसलेली माणसं अंधारात उठून सहाच्या गाडीत बसायची, वाटभर झोपायची, स्टँडवर उतरून चहा प्यायची आणि परतीच्या गाडीने घरी जायची. एक आजोबा तर खाली उतरायचेच नाहीत. पण रोज रोज असं कोण करणार? हाताला काम असलेल्यांना ते परवडणारं नव्हतं. सरासरी वर आली नाही. डिव्हिजनने नऊची फेरी मंजूर केली.

मी आमच्या डेपो मॅनेजरांकडे गेलो.

“साहेब, ज्या मुलीसाठी मागणी होती तिलाच ही गाडी उपयोगाची नाही.”

“मुलगी एक आहे, देशमुख. नऊला गाडी भरून येते. एका पासवर मी सहाची फेरी कशी लावू?”

माणूस वाईट नाही. त्यांच्या खुर्चीत मी असतो तर मीही हेच बोललो असतो, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मग निकिताला उशिरा येऊ द्याल का, हे विचारायला शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी चहा दिला. म्हणाल्या, “सकाळचे जादा तास हीच आमच्या शाळेची ओळख आहे. एकीला सूट दिली तर उद्या दहा पालक दारात उभे राहतील.” हॉस्टेल नाही का, विचारलं. नव्हतं. एखादी खोली? एवढ्याशा मुलीला एकटीला खोलीत ठेवायला घरचे तयार नव्हते. त्यांना तरी काय म्हणणार?

दिवाळी झाली आणि नऊची गाडी सुरू झाली. नाईकांनी आग्रहाने बोलावलं म्हणून गेलो. गाडीला हार घातला, नारळ फोडला. ड्रायव्हर-कंडक्टरला टोपी-दुपट्टा दिला, मलाही दिला. ओवाळायला तांड्यातली सगळ्यात हुशार मुलगी पुढे केली होती. ती निकिताच होती.

“आज शाळा नाही का?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“त्या शाळेतून नाव काढलं सर. आता इथच्या गावातल्या शाळेत हाये. थे अकराले भरते. पायीच जावं लागते, पण जवळ हाये.”

“आणि गाडी?”

“गाडी चांगली हाये सर. सगळ्यायले कामी येते.”

तिने नीट ओवाळलं. बाजूला नाईक उभे होते. डफडं वाजत होतं, बायका हसत गाडीत चढत होत्या, आणि त्या म्हाताऱ्या माणसाची नजर काही माझ्याकडे वळत नव्हती. मलाही त्यांच्याकडे पाहवलं नाही.

तेव्हापासून नवी फेरी मागायला कोणी आलं की मी आधी विचारतो, नेमकं जायचं कोणाला आणि पोचायचं किती वाजता. या प्रश्नांना आमच्या फॉर्मवर जागा नाही. नऊची गाडी अजून भरून येते. मीटिंगमध्ये साहेब तिचं उदाहरण देतात, म्हणतात की फेरी सुरू करावी तर अशी. मान मीही हलवतो.