शुक्रवारी मोजलेला रस्ता

या लेखात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: परमुलखात राहण्याची जागा निवडताना घराची पाहणी दुय्यम, रस्त्याची पाहणी मुख्य. वाळवंटातल्या शहरात घर घेण्याचा विचार ज्यांच्या मनात घोळत असेल, त्यांनी पुढची हकीकत त्या दृष्टीने वाचावी. मी पुण्यात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. विधान आधी आणि पुरावा नंतर, ही सवय आता जाणार नाही.

परदेशी लोकांनाही दुबईत मालकीचे घर घेता येईल असे जाहीर झाले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. माझा मुलगा निरंजन शारजात भाड्याने राहत होता आणि नोकरीला दुबईच्या पार दक्षिण टोकाला जात होता. त्याच्या ऑफिसपासून दहा-बारा मिनिटांवर एक नवी वसाहत आखली जात होती. तिथले एक घर त्याने राखून ठेवले होते; सही तेवढी बाकी होती. फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही एकदा येऊन बघा. तुम्ही हो म्हणालात तरच सही करतो." आमच्या घरात सायकलसुद्धा वडिलांच्या होकाराशिवाय आलेली नाही. गुडघे कुरकुरत होते, तरी निघालो.

पुण्याहून मुंबईपर्यंत टॅक्सी, पुढे तीन तासांचे विमान. जाताना शारजाचे तिकीट मिळाले, परतीचे दुबईहून. स्वेटर अवश्य न्यावा. वाळवंटात थंडी नसते हा समज पहिल्याच पहाटे गळून पडतो.

निरंजनचे बिऱ्हाड सातव्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसत आणि दोन इमारतींच्या फटीतून बोटभर खाडी. दुबईच्या मानाने भाडे बरेच कमी, म्हणून दुबईत राबणारी कितीतरी माणसे शारजात निजायला येतात. खालच्या मल्याळी हॉटेलात चहा एक दिरहम. माझी सून मेधा प्रत्येक किंमत उच्चारली की लगेच साडेबाराने गुणून रुपये करायची. चार दिवसांत मीही गुणू लागलो आणि चहा कडू लागू लागला. कोपऱ्यावरच्या पठाणी भट्टीतली गरम रोटी मात्र गुणूनही स्वस्तच पडते.

निरंजन पहाटे पावणेसहाला घर सोडी आणि रात्री नवाला परते. ऑफिस माणसाला पिळून घेते, असे मी मनाशी नोंदवले. नऊ वर्षांची नात इरा आठवडाभराच्या वह्या बुटांच्या कपाटावर रचून ठेवी. तिचे बाबा शुक्रवारी त्या सगळ्यांवर एकदम सह्या करत. या घरात शिस्त नाही, असेही मी नोंदवले.

शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या वारी, आम्ही चौघे वसाहत पाहायला निघालो. मी वही आणि घड्याळ घेऊन पुढे बसलो. चष्म्याचे घर ठेवायला गाडीचा खण उघडला, तर आत दाढीचे बॅटरीवर चालणारे यंत्र. गाडी म्हणजे न्हाणीघर आहे का, असे मी विचारले. निरंजन नुसता हसला. रस्ता सहापदरी, गुळगुळीत, मोकळा. शारजा ते त्याचे ऑफिस: चौतीस मिनिटे. मी आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली.

मागून मेधा म्हणाली, "बाबा, एकदा कामाच्या दिवशी जाऊन बघा ना यांच्याबरोबर."

"अंतर वारागणिक बदलत नाही, मेधा," मी म्हणालो. ती खिडकीबाहेर बघू लागली.

वसाहतीच्या कचेरीत काचेखाली सगळे गाव मांडले होते: बोटभर खजुरी, निळ्या रंगाचे तळे, गवतावर माणसे. बाहेर वाळू, खुंट्या आणि दोऱ्या. कामावर कोणी नव्हते. बिहारकडचा एक रखवालदार सावलीत बसला होता, त्याला विचारले. म्हणाला, "बाकी सब सोनापूर, लेबर कॅम्प में. आज जुम्मा है." पाणी टँकरने येते, दुकान पंधरा मिनिटांवर, ही माहितीही त्यानेच दिली, कचेरीत ती कोणी दिली नव्हती.

घर विकणारा तरुण हैदराबादचा होता. दोन वर्षांत शाळा, दवाखाना, सुपरमार्केट सगळे होईल, इन्शाल्ला, असे त्याने सांगितले. मी म्हटले, लिहून द्या. तो मनापासून हसला. "अंकल, इन्शाल्ला लिखके नहीं देते."

मेधा दोऱ्यांच्या आत उतरली होती. चप्पल वाळूत रुतत होती, तरी पावलांनी मोजत होती. "इथे ओटा येईल," ती इराला म्हणाली. "इथून बाबांची गाडी येताना दिसेल." इरा तिथेच वाळूत बसली आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी जेवणापूर्वी मी माझा निर्णय सांगितला. शाळा नाही, दुकान नाही, पाणी टँकरचे. नोकरी गेली तर त्या देशातले वास्तव्य किती दिवसांचे, हेही अनिश्चित. या सगळ्याच्या बदल्यात लाभ काय, तर वेळेची बचत. ती किती? चौतीस वजा बारा, बावीस मिनिटे. बावीस मिनिटांसाठी आयुष्यभराची पुंजी वाळूत घालू नये.

निरंजनने वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "बरोबर आहे."

"सो वुई आर नॉट मूव्हिंग?" इराने विचारले.

"जेव," मेधा म्हणाली.

शनिवारी त्याने नकार कळवला. पलीकडून तो विक्रेता म्हणाला, खलास, यादीतला पुढचा माणूस कधीचा वाट बघतोय.

रविवारी माझे परतीचे विमान होते, सकाळी नऊचे. विमानतळ तर ऑफिसच्याही पुष्कळ अलीकडे. पावणेसातला निघालो तरी पुरे, असा माझा हिशेब. निरंजनने वाद घातला नाही, पण सहालाच माझी बॅग खाली नेऊन ठेवली. आम्ही लगेच निघालो आणि तिसऱ्या सिग्नलनंतर थांबलो. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना फक्त गाड्या. शेजारच्या गाडीत एक माणूस स्टिअरिंगवर डबा ठेवून इडली खात होता. पंधरा मिनिटांत आम्ही एक पेट्रोल पंप ओलांडला.

"पुढे अपघात झालाय का?" मी विचारले.

"नाही."

"मग?"

"रविवार आहे, बाबा. कामाचा दिवस."

त्याने खण उघडला, दाढीचे यंत्र काढले आणि आरशात न बघता सवयीने दाढी केली. हनुवटीखालचा भाग होईपर्यंत गाडी एकदाच हलली. मी घड्याळ पाहत होतो. लिहायला वही काढण्याचे धैर्य झाले नाही.

"त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुम्ही मोजून आला होतात. त्यावर मी काय बोलणार?" यंत्र खणात ठेवत तो म्हणाला, "आणि मेधा बोलली होती तुमच्याशी."

आठला दहा कमी असताना आम्ही विमानतळावर पोचलो. रांग संपली होती. काउंटरवरच्या मुलीने माझी बॅग घाईने पट्ट्यावर ढकलली. निरंजन पाया पडला आणि धावत गाडीकडे गेला, कारण त्याला अजून तेवढेच आणि त्याहून जास्त अंतर कापायचे होते.

पुण्यात आल्यावर मी फोन करून म्हटले, दुसरे एखादे घर बघ. त्याने बघितले. किमती तोवर त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या. ती मंडळी पुढेही कित्येक वर्षे त्याच सातव्या मजल्यावर राहिली. इरा मोठी झाली, तिच्या वह्या वडिलांच्या सहीशिवाय चालू लागल्या.

वाचकांनी तिकडे घर जरूर बघावे: पाणी विचारावे, शाळा विचारावी, रखवालदाराशी बोलावे. आरंभी मांडलेले विधान मला आजही खरे वाटते. रस्त्याचीच पाहणी मुख्य. माझ्या वहीत तो आकडा अजून आहे, खाली रेघ मारलेला.

मी तो रस्ता सुटीच्या दिवशी मोजला. ही चूक माझी आहे.

वा. ग. सोमण
पुणे