दगडांकडे पाठ करून उभे राहणारे कळंबे सर

माझी आणि यादवराव कळंबे सरांची ओळख एका अडकलेल्या कमानीने, म्हणजे चावीच्या स्प्रिंगने, करून दिली. सौंसरच्या बसस्थानकामागे माझे शिलाई मशीन आणि घड्याळ दुरुस्तीचे दुकान आहे. सर त्या वेळी सौंसरच्या शाळेत मराठी आणि नीतिशिक्षण शिकवत. एका दुपारी ते आले आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला चावीचा सिनेमा कॅमेरा काढून त्यांनी फळीवर ठेवला. सरांच्या साठीच्या या गौरवग्रंथात कोणी लिहिलेच की तो कॅमेरा सरांनी मुंबईहून आणला, तर ते चूक समजावे. तो नागपुरात लग्नाची फिल्म काढणाऱ्या एका गृहस्थाकडून त्यांनी जुना घेतला होता, आणि त्याची कमान आधीच कोणीतरी चुकीच्या तेलाने बिघडवलेली होती.

"उघडला आहे का कधी असला कॅमेरा?" सरांनी विचारले.

"नाही."

"मग?"

"मशीनही पहिल्यांदा उघडलं तेव्हा कधी उघडलेलं नव्हतं."

सर हसले आणि कॅमेरा ठेवून गेले. आठवीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या हाती त्यांनी आपली सर्वांत महाग वस्तू दिली आणि पावतीही मागितली नाही. कॅमेरा सुरू झाला. पुढे प्रोजेक्टर चालवणे, फिल्म कापणे, जोडणे हेही मी माझे मीच शिकलो. माझी चूक झाली की सर "पुन्हा पाहू" एवढेच म्हणत.

ग्रंथाच्या समितीने मला कळवले आहे की सुखद आठवणी द्याव्यात. त्या माझ्याजवळ भरपूर आहेत. बोरगावच्या एका बागेत सरांनी संत्र्याच्या झाडावर फिल्म केली, ती पांढऱ्या धोतरावर गावाला दाखवली, तेव्हा बागवाला उठून म्हणाला, "गुरुजी, झाड तं माहंच व्हय, पन रोगट बाजू कायले दाखवली?" सर म्हणाले, "दुसरी बाजू तुम्ही व्यापाऱ्याला रोज दाखवता." सगळे गाव हसले, आणि सर्वांत जास्त तो बागवाला. पांढुर्ण्याला बदली झाल्यावर सरांनी कला मंडळ काढले. त्याची तालीम एकदा पांढुर्ण्यात तर एकदा जाम नदीपलीकडे सावरगावात होई. नाटकात नवरा या काठाचा असला तर सासरा त्या काठाचा, असा त्यांचा नियम होता. "जावई दगड मारायच्या आधी विचार करतो," असे ते म्हणत.

हे सगळे खरे आहे. पण सरांच्या साठीनिमित्त लिहायला बसलो की माझ्या डोळ्यांपुढे पोळ्याचा दुसरा दिवस येतो आणि हात थांबतो. मी घाबरलेलो आहे. हे गौरवग्रंथात लिहावे की नाही, मला ठाऊक नाही. पण सरांनी मला खोटे लिहायला शिकवलेले नाही.

आपल्याकडची गोटमार बाहेरच्या वाचकाला एवढीच सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो. पांढुर्ण्याचे लोक तो काढायला जातात, सावरगावचे लोक राखतात, आणि दोन्ही काठांवरून दिवसभर दगड चालतात. डोकी फुटतात, कधी माणूस जातो. संध्याकाळी तेच लोक एकमेकांच्या घरी जातात, कारण दोन्हीकडे एकमेकांच्या मुली दिलेल्या आहेत.

सरांनी गोटमारीची फिल्म करायचे ठरवले तेव्हा गाव बिथरले. "फोटोत सापडलो तं ठाण्यात जाऊ ना सर!" असे त्यांचेच जुने विद्यार्थी तोंडावर म्हणाले. सरांनी दोन्ही काठांवर जाऊन सांगितले, "ज्याच्या हातात दगड आहे त्याचा चेहरा मी घेणार नाही. ज्याला लागला त्याचा घेईन." हा शब्द पाळण्यासाठी त्यांनी जी पद्धत बसवली ती दुसऱ्या कोणा सिनेमावाल्याला सुचली नसती. ते एका काठाला, पाण्याच्या कडेला उभे राहत, नदीकडे पाठ करून. तोंड त्या काठाकडे, जिथे डोकी फुटलेल्यांना उचलून आणतात आणि आया-बाया वाट पाहत उभ्या असतात. दगड घेतलेला माणूस चौकटीत आला की बोट बटनावरून उचललेच. एके साली काठ पांढुर्ण्याचा, दुसऱ्या साली सावरगावचा, आळीपाळीने. आणि समोरच्या काठावरून येणारा प्रत्येक दगड सरांच्या पाठीवर.

ती पाठ सांभाळायला त्यांनी मला बोलावले. मी विचारले, "मीच का?"

"तुम्ही सौंसरचे. तुम्हाला दोन्हीकडचे दगड सारखेच."

तेव्हापासून मी त्यांच्या पाठीला पाठ लावून उभा राहतो. ते फुटलेल्यांकडे पाहतात, मी दगडांकडे. दगड येताना दिसला की ओरडायचे, "डावे!", "उजवे!", "बसा!" काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, आमच्या दोघांसाठी कापूस भरून लहान गाद्या शिवल्या आहेत, माझी छातीवर बांधायची, सरांची पाठीवर. अनोळखी माणसाला आम्ही बहुरूपी वाटतो. पण एक चावी दिली की कॅमेरा जेवढा वेळ चालतो, तेवढा वेळ मी समोरच्या काठावरून नजर काढत नाही. दगड सुटताना काळा ठिपका असतो. जो ठिपका बाजूला सरकतो त्याची भीती नाही. जो जागेवरच राहून मोठा होतो, तो आपला.

थंडीत सर ती मुकी फिल्म दोन्ही काठांवर दाखवीत. एका वर्षी खेळ संपल्यावर एक धिप्पाड तरुण, सरांचाच विद्यार्थी, प्रोजेक्टरजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "सर, मी इतके साल दगड फेकून राहिलो, पन तो कुठी पडते ते मले आज दिसलं." तो त्या सालापासून काठावर जातो, पण जखमींना उचलायला. सरांनी वर्गात इतकी वर्षे नीती शिकवली. माझ्या मते त्यांचा खरा वर्ग हाच. एकदा एका अधिकाऱ्यांनी दगडफेक करणारे ओळखायला फिल्म मागितली. सर म्हणाले, "बसा, पाहा. एक चेहरा सापडला तर घेऊन जा." मीच ती चालवली. अधिकारी शेवटपर्यंत पाहत राहिले आणि चहा न घेता निघून गेले.

आता गेल्या सालचे सांगतो. आम्ही पांढुर्ण्याच्या काठावर होतो. एका आईने मुलाचे डोके मांडीवर घेतले होते, सर तिच्यावर कॅमेरा धरून होते. मी ओरडलो, "बसा!" सरांनी ऐकले. मला ठाऊक आहे ऐकले, कारण त्यांचे खांदे हलले. पण चावी संपली नव्हती. ते बसले नाहीत. दगड डाव्या कानाच्या वर लागला.

सर वाचले. त्या कानाने आता ऐकू येत नाही. आणि या साली पाळी सावरगावच्या काठाची आहे.

महिन्यामागे काकू बसने सौंसरला दुकानात आल्या. पाणी दिले ते घेतले नाही.

"भाऊ, तुमी नाई म्हना."

"काकू, मी नाही म्हटलं म्हणून सर थांबतील?"

"थांबतीन. पाठीले कोन उभं राहीन? पाठीसाठी गादी शिवली मी, डोक्यासाठी काय शिवू? अन् आता तं तुमचं वरडनंबी आयकू येनार नाई त्याईले." मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "सत्कार करून राहिले सारे. शाल पांघरवतीन अन् नदीत पाठवतीन."

मी पांढुर्ण्याला गेलो आणि सरांना नाही म्हटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सर कॅमेऱ्याची काच पुसत होते.

"सावरगावच्या बायांना मी शब्द दिला आहे, मिस्त्री. त्या म्हणाल्या, गेल्या साली पांढुर्ण्याच्या लेकरांचे पाहिले, आमच्या लेकरांचे रक्त कोण पाहील?"

"अन् तुमची पाठ?"

"मोकळी राहील."

ते रागाने बोलले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी तिथेच 'बरं, येतो नदीवर' म्हटले. काकूंनी आतून ऐकले. त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे.

तेव्हापासून सरांच्या अंगणात आमचा सराव चालू आहे. ओरडणे बंद. पाठीला पाठ लावून उभे राहायचे. माझे कोपर त्यांच्या उजवीकडे लागले की सरांनी उजवीकडे सरकायचे, डावीकडे लागले की डावीकडे, दोन्ही लागली की खाली बसायचे. साठ वर्षांचे सर अंगणात उठबशा काढतात आणि शेजारची मुले कुंपणावर बसून मोजतात. मला हसू येत नाही. सर चटकन बसतात, पण अंगणात कॅमेऱ्यात फिल्म नसते.

या ग्रंथाचे वाचक बहुतेक सरांचे विद्यार्थी आहेत, आणि त्यांतले बरेच पांढुर्ण्याचे. या साली दगड तुमच्या काठावरून येणार आहेत. परंपरा सोडा असे मी म्हणत नाही; सौंसरच्या माणसाने ते म्हणूही नये. एवढेच सांगतो की सरांनी तुमचा चेहरा कधी, कोणालाही, दाखवला नाही. त्यांची पाठ मात्र तुम्ही ओळखता. वर्गात फळ्याकडे वळलेली ती पाठ तुम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहे. आणि मी तुमच्याकडे तोंड करून उभा असेन. मला चेहरे दिसतात.

सर, आपण शंभर वर्षे जगावे अशी इच्छा या ग्रंथात प्रत्येक जण लिहील, आणि लिहावीच. माझी मागणी त्याहून लहान आहे. आपली दृष्टी, आपला उरलेला कान, आपले हात निरोगी राहोत, काकूंच्या हातचा चहा आपल्याला आणि मलाही मिळत राहो. त्यासाठी या साली माझी दोन्ही कोपरे लागली की चावी संपायची वाट पाहू नका. समोर कोणतीही आई असो. आपण बसा, सर. मी उभा आहे.