ट्रॉलीमागं उभं राहणं

ट्रॉलीचे दिवे तपासायला दोन माणसं लागतात. एकानं ट्रॅक्टरवर बसून ब्रेक दाबायचा, बटणं फिरवायची. दुसऱ्यानं मागं उभं राहून ओरडायचं, कुठला दिवा लागला आणि कुठला मेला. आमच्या दुकानात ते दुसरं माणूस मी. राहुरीतून साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं पत्र्याचं दुकान आहे. मालक, म्हणजे माझा नवरा, गाड्यांचं वायरिंग करतात. पोरगी जामखेडला दिली, पोरगा चाकणला कंपनीत. घरात आम्ही दोघंच.

मालकांच्या तोंडाला जन्मापासूनच कुलूप. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, लाजतोय बिचारा. लाजतोय कसला, मुळातच घुमा! पण ट्रॅक्टरवर बसले की त्यांना बोलावंच लागायचं.

"डावा?"

"लागला!"

"उजवा?"

"लागला, आन् जावयाला ताप हाय, पोरीचा फोन आल्ता!"

"लई हाय का?"

"आता उतरलाय. ब्रेक दाबा!"

ड्रायव्हर लोक तोंड फिरवून हसायचे. हसू देत मेले. आमचं दिवसभराचं बोलणं ट्रॉलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हायचं. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या की संसार बोंबलूनच करायचा. घरी जेवायला बसलं की पुन्हा कुलूप. भाकरी हवी असली तरी नुसती ताटली सरकवणार.

दिवे लागले म्हणजे काम झालं असंही नसतं. वीज तारेतून ट्रॉलीकडं जाते, पण परत यायला वेगळी तार आमच्याकडं कुणी ओढत नाही. ती ट्रॉलीच्या लोखंडातून, हुकाच्या पिनेतून ट्रॅक्टरला परत येते. ट्रॉली उसानं भरलेली असली की पिनेवर दाबून बसते, दिवे झकास लागतात. तीच रिकामी होऊन खड्ड्यात आदळली की गंजलेली पीन खुळखुळते आणि दिवे गुल. म्हणून दिवे लागले की मी ट्रॉलीच्या मागच्या दाराला, फाळक्याला, दोन्ही हातांनी लोंबकळून हिसके द्यायचे. दिवा मिचकला की ओरडायचे, "मिचकतोय!" मग मालक उतरून पीन घासायचे. तुझ्या वजनाचा हाच काय तो उपयोग, असं ते एकदा म्हणाले होते. वर्षाला एवढा एक विनोद त्यांना पुरतो.

तपासायला त्यांच्याकडं घरी केलेला टेस्टर होता. इंडिकेटरचा जुना बल्ब, एका तारेला चिमटा, दुसरीला माझी गोधडी शिवायची दाभण. दाभण नेली म्हणून मी आठवडाभर तोंड सोडलं होतं, पण त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. तो बल्ब घेऊन तार कुठं तुटली ते शोधायचे, आणि शेवटी मला हाक असायचीच.

या हंगामाच्या आधी मालकांनी मोबाईलवरून एक पिवळा डबा मागवला. आत बॅटरी, वर बटणं, सोबत रिमोट. डब्याची वायर ट्रॉलीच्या प्लगला जोडायची, चिमटा लोखंडाला लावायचा आणि रिमोट घेऊन मागं जायचं. डावा म्हटलं की डावा, ब्रेक म्हटलं की ब्रेक. ट्रॅक्टर नको, ब्रेक दाबणारा नको आणि ओरडणारीही नको. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

"आता तुला उन्हात यायचं काम न्हाई," मालक म्हणाले. विषय संपला.

पहिले दोन दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दुपारी आडवी झाले. मग डबे घासले. मग घासलेले डबे पुन्हा घासले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं माझं झालं. टीव्हीतल्या सासूला मोठ्यानं शिव्या देऊन बघितल्या, ती काही वळून बोलली नाही. घर दुकानाच्या मागच्या बोळात, त्यामुळं ट्रॅक्टर आला की ऐकू यायचं. मी पायात चपला सरकवायचे आणि दारातच थांबायचे, कारण हाक यायची नाही. थोड्या वेळानं ट्रॅक्टर निघून गेल्याचंही ऐकू यायचं.

एकदा दुपारी पोरीचा फोन आला. मी बोलायला लागले तर आवाजच घोगरा. "आई, घसा बसला का?" तिनं विचारलं. घसा कशाचा बसतोय? सकाळपासूनचा तो माझा पहिला शब्द होता. तिला म्हटलं, व्हय, सर्दी हाय. फोन ठेवल्यावर चांगली रडले. इतकी एकटी मी सासुरवाशीण होऊन आले तेव्हाही नव्हते.

चहाचं निमित्त काढून दुकानात जायचे. "मी बघू का मागं?" असं विचारायचे. "दिसतंय की मला," मालक म्हणायचे. मला उन्हाचं काही नव्हतं, धुळीचं नव्हतं. मला परत ट्रॉलीमागं उभं राहायचं होतं, एवढंच माझं मागणं होतं, आणि ते तोंडानं मागायची लाज वाटत होती. मागितलं आणि नाही म्हणाले तर काय करायचं?

मग एके दिवशी सकाळीच रस्त्यावरून आरडाओरडा ऐकू आला. मी धावत गेले. आदल्या आठवड्यात दिवे करून नेलेला एक ड्रायव्हर मालकांसमोर हात नाचवत होता. "काय काम केलंय हो! कारखान्यावर ट्रॉली खाली करून येताना मागचे दिवे बंद. मागनं मोटारसायकलवाला आला, आदळलाच असता! नशीब त्याचं."

मालकांचा चेहरा उतरला. ते हुकाजवळ खाली बसले आणि पिनेवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. मला लगेच कळलं. डब्याचा चिमटा थेट ट्रॉलीच्या लोखंडाला लागतो, पीन मध्ये येतच नाही. डब्यावर सगळे दिवे लागणारच. आणि फाळक्याला हिसके द्यायला मी नव्हते.

खोटं सांगत नाही, त्या मोटारसायकलवाल्याचं ऐकून काळजात धस्स झालं, आणि पाठोपाठ आनंदही झाला. आता तरी बोलावतील! मालकांनी पीन घासली, ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत परतीची वेगळी तारही ओढली. ट्रॅक्टर जोडून बघायचं तेवढं राहिलं. मी पदर खोचला आणि मागं निघाले.

"तू न्हाई," मालक म्हणाले. "घरी जा."

माझं डोकंच सरकलं. ड्रायव्हर उभा होता, त्याचीही पर्वा केली नाही. "का म्हणून? इतकी वर्सं मीच उभी हुते ना? त्या डब्यापाई मला घरात कोंडली तुमी! दिवसभर भिंतीसंगं बोलायचं व्हय मी? मला एकटीला करमत न्हाई तिथं. खायला उठतंय घर!"

मालक हातातली पक्कड उघडझाप करत राहिले. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "मागल्या साली एक हायवा डंपर गेला चाटून. हार्न वाजवत. मी सीटवर. मागं इचारलं, ब्रेक? तू बोलंनास. पुन्हा इचारलं. तरी न्हाई. उतरायला गेलो तर पाय हालंना." पक्कड मिटून म्हणाले, "मंग तू म्हनलीस, लागला."

मला तो दिवस आठवेचना. डोळ्यांत धूळ गेली असेल. पदर सावरत असेन. असे हायवा दिवसात कितीतरी जातात.

"तवापासून मला त्या सीटवर बसवत न्हाई," मालक म्हणाले. एका दमात एवढं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

नुसता हेका असता तर मी भांडून मोडला असता. हे कसं मोडायचं? मग म्हटलं, "तुमी रा मागं. पर ब्रेक मी दाबनार."

ते ट्रॉलीमागं निघाले, म्हणजे हो. मी ट्रॅक्टरवर चढले. इतक्या वर्षांत त्या सीटवर कधी बसले नव्हते. वळून बघितलं तर ट्रॉलीचा पत्रा आणि वर आभाळ, बस्स. मागचं माणूस दिसतच नाही.

"डावा?" मी ओरडले.

"लागला."

"उजवा?"

"लागला." पुढं एक शब्द जास्त नाही.

"ब्रेक?" म्हटलं आणि पाय दाबला. तेवढ्यात उसाचा ट्रक आला. धडधडत, हॉर्न देत गेला. सीट हादरली, धूळ उडाली. मागून आवाज नाही.

"ब्रेक?"

काही नाही.

"अहो! बोला की!"

"लागलाय, लागलाय. किती वरडती!"

ड्रायव्हर म्हणाला, "काकू, झालं. सोडा आता ब्रेक." मला ऐकू येत होतं, पण पाय काही उचलला जात नव्हता.