पूजेला बसलेली जोडी

रविवारी दुपारी आईसोबत टीव्हीवर एक हिंदी सिनेमा पाहत होते. भाड्याने घर मिळावं म्हणून दोघं नवराबायको असल्याचं नाटक करतात आणि घरमालकीण त्यांना सत्यनारायणाला बसवते. भटजी म्हणतात, नवऱ्याच्या हाताला हात लावा. नायिका कसंबसं एक बोट टेकवते. आई हसून म्हणाली, "आता ही खरंच प्रेमात पडणार बघ."

मला हसू आलं नाही.

बाबा गेल्यापासून आमच्या पूजेला माझी धाकटी बहीण मीना आणि तिचा नवरा बसतात. मी लग्न केलं नाही, तेव्हा घरात जोडी ती एकच. वर्षभर ते दोघं वेगळे राहतायत. हे फक्त मला माहीत आहे, आणि आईला सांगणार नाही असं मीनाने माझ्याकडून कबूल करून घेतलंय. गेल्या महिन्यात पूजेला दोघं वेगवेगळ्या रिक्षांनी आले, कोपऱ्यावर थांबून एकत्र जिना चढले. भटजींनी सांगण्याआधीच मीनाचा हात त्याच्या मनगटापाशी गेला, सवयीने, अगदी नेमका. आरतीपर्यंत तो तिथेच होता. मला बघवेना. मी आत जाऊन द्रोणांत प्रसाद भरत राहिले.

सिनेमात शेवटी सगळं उघडं पडलं आणि सगळ्यांनी हसत माफही केलं. आईने पदराने डोळे टिपले.

"श्रावणातही मीनालाच बसवू," ती म्हणाली. "किती शोभतात दोघं."

मी हो म्हटलं.