अकोल्याच्या तीन खेपा

महिन्याभरापूर्वी अमरावतीहून तार आली, तेव्हा अकोल्यातल्या आमच्या शाळेत नाटकाची तालीम चालली होती आणि मी खोट्या मिशा डकवून पोरांना खलनायक कसा चालतो ते दाखवत होतो. तारेत एवढंच, दौलत गेला. पोरं अजून हसतच होती... दौलतच्या बाबतीत मी कायम असाच, भलत्या सोंगात सापडलो.

दौलत माझा अमरावतीचा शेजारी, बालपणापासूनचा दोस्त. ब्रह्मदेशच्या लढाईतून तो धडधाकट परतला, असं सगळे म्हणत. फक्त मागून कुणी आलं की तो गर्रकन वळून त्याचा गळा धरी. कापसाच्या जिनिंगमध्ये तो कामाला होता, तिथल्या एका हमालाचा धरला आणि नोकरी गेली. पुढे स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीलाही जवळ येऊ देईना. हात मांड्यांखाली दाबून बसून राही. अकोल्याला फौजेतून आलेले एक डॉक्टर अशा शिपायांना समोर बसवून बोलतं करतात, असं वहिनींच्या, म्हणजे दौलतच्या बायकोच्या, कानावर आलं. त्या मला म्हणाल्या, “मास्तर, तुमी संग असले तरच जातीन ते. पन लोकाइले काय सांगाचं? येड्याच्या डाक्टरकडे जातात म्हंतलं तं उद्या पोरीले कोन करन?”

थाप मारायची म्हटली की मला हुरूप येतो. माझं लग्न व्हायचं होतं. पानठेल्यावर जाहीर केलं, मी अकोल्याला मुली पाहायला जातो, दौलत वडीलधारा म्हणून सोबत. तो वर डॉक्टरांकडे बसे आणि मी खाली भजी खात खात मुलगी रचत असे. पहिल्या घरी म्हणे मुलीपेक्षा तिचा बापच जास्त लाजला. दुसरीनं मलाच एकोणतिसाचा पाढा म्हणायला लावला. ठेला पोट धरून हसे. दौलतही म्हणे, “थे पाढेवालीच करून घे बाप्पा, तुले लाइनीत ठेवीन!” तिसऱ्या खेपेनंतर एका सकाळी पाहिलं, तर त्याची लेक त्याच्या मांडीवर होती. त्याचा हात तिच्या पाठीवर. अवघडलेला, पण होता.

थाप इतकी रंगली की शेजारच्या काकूंनी खरंच अकोल्याचं स्थळ आणलं. पसंती झाली. होणाऱ्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान नेमकं डॉक्टरांच्या जिन्यासमोर! चौथ्या खेपेला दौलत धुतलेला सदरा घालून माझ्या दारात उभा राहिला.

“आता काहून जातं? बरा तं झाला तू,” मी म्हणालो.

“लढाईतलं थे नदीवालं अजून सांगतलंच नाही मी डाक्टरले.”

“माह्यं लगन होऊ दे, मंग जाऊ.”

“बरं,” तो म्हणाला... आणि सदऱ्याच्या बाह्या खाली ओढत परत गेला.

लग्न झालं. अमरावतीला मी मास्तर होतोच, सासरच्यांनी इथल्या अकोल्याच्या शाळेत नोकरी लावून दिली. रोज त्या जिन्यासमोरून गेलो, दौलतला कधी बोलावलं नाही. एकटा तो गेला नाही. त्याचे हात पुन्हा मांड्यांखाली गेले. बऱ्याच वर्षांनी त्याच्या मुलीच्या पाठवणीला सगळे तिला पोटाशी धरत होते आणि बाप अंगणापलीकडे भिंतीला पाठ लावून उभा. त्याच मांडवात मी पाढेवालीचा किस्सा सांगून हशा घेतला.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटून आलो. चहासाठी साखर आणायला त्या दौलतच्या खोलीकडे गेल्या. दाराशी थांबल्या, कडी दोनदा वाजवली. “मी होय जी, मांगून येऊन राहिली.” खोली रिकामी. माझ्याकडे लक्ष गेल्यावर ओशाळल्या. “सवय पडली. आवाज देल्याबिगर जाऊ नोका, असं डाक्टरनंच सांगतलं होतं. मंग यायनंच जानं सोडलं, आता गरज नाही म्हने. पन तीन खेपांत हे तं भेटलं, मास्तर. तुमी नेलं म्हनून.”

म्हणजे मी नाही म्हणालो होतो, हे दौलतनं घरी कधी सांगितलंच नव्हतं. मीही चहा पिऊन निघून आलो. आज ते इथे छापून टाकतो आहे खरा. पण वहिनींना वाचता येत नाही, हेही मला ठाऊक आहे.